सहा चेंडू, तेरा धावा

६ मे २०१७. हैदराबादच्या उप्पल भागातल्या राजीव गांधी मैदानावर सनरायझर्स हैदराबादला शेवटच्या षटकात तेरा धावा हव्या होत्या. वीस-वीसच्या हिशोबात तेरा म्हणजे फार नाहीत. एक षटकार, एक चौकार आणि उरलेल्या पळून. चेंडू जयदेव उनाडकटच्या हातात होता. सौराष्ट्रचा डावखुरा मध्यमगती गोलंदाज, त्या मोसमात पुण्याच्या रायझिंग पुणे सुपरजायंटच्या जांभळ्या कपड्यांत. दुसऱ्या चेंडूवर बिपुल शर्मा, तिसऱ्यावर राशीद खान, चौथ्यावर भुवनेश्वर कुमार, तिघेही झेलबाद. षटक संपलं तेव्हा धावफलकात एकाही धावेची भर पडली नव्हती. हॅट्ट्रिक, तीही शेवटच्या षटकात, तीही निर्धाव षटकात. पुणे १२ धावांनी जिंकलं आणि ३० धावांत पाच बळी घेणाऱ्या उनाडकटला लोक 'थंड डोक्याचा' म्हणू लागले.

पंधरा दिवसांनी, २१ मेला, त्याच मैदानावर आयपीएलचा अंतिम सामना झाला. या वेळी बाजू उलटी होती. मुंबई इंडियन्सने केल्या होत्या जेमतेम १२९ धावा. शेवटच्या षटकात पुण्याला ११ हव्या होत्या, सात गडी हातात होते आणि कर्णधार स्टीव्ह स्मिथ जम बसवून उभा होता. गोलंदाज मिचेल जॉन्सन. पहिल्याच चेंडूवर मनोज तिवारीने चौकार ठोकला. आता पाच चेंडूंत सात. इथून सामना हरायला मेहनत लागते, असं कुणी म्हटलं असतं तर ते चुकीचं ठरलं नसतं. पण दुसऱ्या चेंडूवर तिवारी आणि तिसऱ्यावर स्मिथ असे दोघेही सीमेवर झेल देऊन परतले. मग एक बाय, मग दोन धावा. शेवटच्या चेंडूवर चार हव्या असताना डॅन ख्रिश्चन तिसऱ्या धावेत धावबाद झाला. पुणे १२८. एका धावेने हार.

पुण्याच्या संघाची ती शेवटची संध्याकाळ ठरली, कारण दोन वर्षांची ती तात्पुरती फ्रँचायझी त्या सामन्यानंतर गुंडाळली गेली. जाता जाता मात्र एक प्रश्न मागे राहिला. उनाडकट आणि जॉन्सन यांच्यात असं काही होतं का, जे इतरांच्यात नसतं? दडपणात उभा राहणारा गोलंदाज हा वेगळा प्राणी असतो का?

हा प्रश्न क्रिकेटच्या आधी आणि क्रिकेटपेक्षा जास्त कसोशीने विचारला गेला तो बेसबॉलमध्ये. तिथे या कामासाठी स्वतंत्र माणूसच ठेवलेला असतो. सामना नऊ डावांचा. सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पाच-सहा डाव टाकून दमला की राखीव पिचर येतात, आणि संघ थोडक्यात पुढे असेल तर नवव्या डावात येतो तो 'क्लोजर'. म्हणजे दार लावून घेणारा. तीन गडी बाद करायचे आणि आघाडी टिकवायची, एवढंच त्याचं काम. ते जमलं की त्याच्या नावावर एक 'सेव्ह' लागतो. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी ही मोजणी सुचवली आणि १९६९मध्ये ती अधिकृत झाली. एखादी गोष्ट मोजायला लागलं की तिचा बाजारभाव ठरतो. तसा क्लोजरचाही ठरला.

या पंथाचा महापुरुष म्हणजे पनामाच्या मच्छीमार वस्तीतून आलेला मारियानो रिव्हेरा. न्यूयॉर्क यँकीजसाठी ६५२ सेव्ह, हा आजही विक्रम आहे. बाद फेरीतल्या सामन्यांत, म्हणजे जिथे हात कापायला हवेत तिथे, त्याने १४१ डाव टाकले आणि त्यांत फक्त दोन होमरन, म्हणजे बेसबॉलमधले षटकार, दिले. २०१९मध्ये त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये एकमताने निवडलं गेलं. तोवर कुणालाही एकमत मिळालं नव्हतं. गंमत म्हणजे त्याच्याकडे मुख्यत्वे एकच चेंडू होता, शेवटच्या क्षणी किंचित वळणारा 'कटर'. तो येणार हे फलंदाजाला माहीत असायचं. तरी तो लागायचा नाही.

आणि याच रिव्हेराच्या हातून ४ नोव्हेंबर २००१ला वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा सामना सुटला. नववा डाव, यँकीज २-१ने पुढे. आधी त्याची स्वतःचीच एक फेक चुकली, मग बरोबरी झाली. शेवटी ॲरिझोनाच्या लुईस गोन्झालेझने एक अर्धवट लागलेला, ताकद नसलेला फटका उडवला. धाव अडवण्यासाठी क्षेत्ररक्षक जवळ ओढलेले होते, त्यांच्या डोक्यावरून तो चेंडू मोकळ्या जागेत पडला आणि सामना संपला. क्षेत्ररक्षक नेहमीच्या जागी असते तर तो सोपा झेल होता. त्या चेंडूत रिव्हेराची हिंमत कुठे कमी पडली, हे कुणी दाखवून द्यावं.

अमेरिकेत दडपणाखाली चांगलं खेळण्याला 'क्लच' म्हणतात. पुणेकराला क्लच म्हटलं की लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सात वाजता आखडलेली डाव्या हाताची बोटं आठवतात, पण ते असो. १९७७मध्ये रिचर्ड क्रेमर या अभ्यासकाने साधा प्रश्न विचारला : क्लच फलंदाज असतात का? १९६९च्या मोसमात मोक्याच्या क्षणी आपल्या नेहमीच्या दर्जापेक्षा सरस ठरलेले फलंदाज त्याने घेतले आणि पुढच्या, १९७०च्या मोसमात त्यांनी काय केलं ते पाहिलं. गुण अंगचा असेल तर तो दुसऱ्या वर्षीही दिसायला हवा. तो दिसला नाही. पहिल्या वर्षीच्या शूरांपैकी कोण दुसऱ्या वर्षी शूर राहील, हे नाणं उडवून ठरवावं इतपतच सांगता येत होतं. आकडेवारीचे मोठे जाणकार बिल जेम्स यांनी पुढे २००४मध्ये सावधगिरीचा इशारा दिला : धुक्यात माणूस दिसला नाही म्हणून तिथे माणूसच नाही, असं म्हणू नये. थोडक्या आकड्यांत खरा गुणही दडून राहू शकतो. ते बरोबरच आहे. पण धुक्यात माणूस दिसतोय असं छातीठोक सांगणाऱ्यांनाही ते तितकंच लागू पडतं, आणि टीव्हीवरच्या समालोचकांमध्ये अशांचीच संख्या जास्त.

आपल्याकडे आकडे तर फारच थोडे. क्लोजर वर्षाला साठ-सत्तर सामन्यांत उतरतो. आयपीएलमधल्या गोलंदाजाच्या वाट्याला अटीतटीचं शेवटचं षटक एका मोसमात मोजून चार-सहा वेळा येतं. समजा बत्तीस गोलंदाज आहेत, सगळे अगदी सारख्या वकुबाचे, आणि प्रत्येकाची सामना वाचवण्याची शक्यता निम्मी-निम्मी. प्रत्येकाला चार अशी षटकं दिली तर निव्वळ योगायोगाने त्यांतले दोघे चारही सामने वाचवतील आणि दोघे चारही घालवतील. पहिल्या दोघांवर लेख छापून येतील, दुसऱ्या दोघांना मैदानाबाहेर शिव्या पडतील. चौघांत फरक काहीच नाही.

उनाडकटचंच पाहा. २०१७च्या मोसमासाठी पुण्याने त्याला ३० लाखांच्या मूळ किमतीत घेतलं होतं. त्याने १२ सामन्यांत २४ बळी घेतले. पुढच्या लिलावात राजस्थान रॉयल्सने त्याच्यासाठी साडेअकरा कोटी मोजले. त्या लिलावातला तो सगळ्यात महागडा भारतीय खेळाडू. २०१८च्या मोसमात त्याला १५ सामन्यांत ११ बळी मिळाले आणि षटकामागे साडेनऊहून जास्त धावा गेल्या. मग लोक म्हणाले, पैशाचं दडपण आलं. येऊही शकतं. पण जो मोसम आयुष्यातला सगळ्यात चांगला असतो, त्याच्या पुढचा मोसम बहुधा त्याहून कमीच भरतो. दहावीला ९६ टक्के पडलेल्या पोराला बारावीला ८९ पडले की घरात 'अभ्यास सोडला', 'संगत बिघडली' असं चालू होतं, त्यातलाच हा प्रकार. सर्वोच्च गुणांत थोडा वाटा नशिबाचा असतो आणि तो दरवर्षी मिळत नाही. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. उनाडकट सरासरीकडे परतला. राजस्थानने शिखराचे पैसे भरले.

अमेरिकेतला ब्रॅड लिज तर याहून नाट्यमय. २००५मध्ये बाद फेरीच्या निर्णायक क्षणी अल्बर्ट पुहोल्सने त्याला असा होमरन मारला की लिजचा कणा मोडला, असं छापून आलं. २००८मध्ये फिलाडेल्फियाकडून त्याने मोसमातल्या ४१ पैकी ४१ आणि बाद फेरीतल्या सातपैकी सात संधी राखल्या, वर्ल्ड सिरीजचा शेवटचा गडीही त्यानेच बाद केला. २००९मध्ये त्याच माणसाने अकरा सामने हातचे घालवले. चार वर्षांत भित्रा, पोलादी आणि परत भित्रा? इतक्या वेळा स्वभाव बदलणारा माणूस कादंबरीतही पटत नाही.

आपल्याकडचं उदाहरण नागपुरात सापडतं. १८ एप्रिल १९८६ला शारजात शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार धावा हव्या होत्या आणि चेतन शर्माचा यॉर्कर फसून फुलटॉस पडला. जावेद मियाँदादने तो थेट प्रेक्षकांत भिरकावला. त्यानंतर चेतन शर्मा म्हणजे तो फुलटॉस, असंच समीकरण झालं. दीड वर्षाने, ३१ ऑक्टोबर १९८७ला, नागपूरच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर याच गोलंदाजाने न्यूझीलंडच्या केन रदरफर्ड, इयन स्मिथ आणि इवेन चॅटफील्ड यांचे त्रिफळे ओळीने उडवले. विश्वचषकाच्या इतिहासातली ती पहिली हॅट्ट्रिक. शारजातला चेंडू जितक्या लोकांना आठवतो, त्यांतल्या किती जणांना नागपूरचे तीन आठवतात?

मग दडपण असं काही नसतंच का? असतं, आणि ते हातातच उतरतं. ते कसं, हे समजायला यॉर्कर जवळून पाहावा लागतो.

खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २० मीटरला थोडी जास्त. गोलंदाज चेंडू सोडतो तो साधारण सव्वादोन मीटर उंचीवरून. ताशी १३५-१४० किलोमीटरने सुटलेला चेंडू फलंदाजाच्या पायाशी पोहोचायला अर्धा सेकंदही घेत नाही. यॉर्कर नीट पडायचा तर तो बुटांच्या पुढच्या वीतभर जागेत किंवा तिच्या आसपास पडायला हवा. शाळेतल्या भौतिकशास्त्राने हिशोब मांडला तर दिसतं की सोडतानाचा कोन एका अंशाने बदलला, तर चेंडू पडण्याची जागा दीड मीटरच्या आसपास सरकते. कोन एका अंशाने खाली झुकला तर यॉर्करचा हाफव्हॉली होतो, वर उचलला तर फुलटॉस. भिंतीवरच्या घड्याळात मिनिटकाटा दहा सेकंदांत जेवढा हलतो, तेवढा हा एक अंश. बोटं घामाने किंवा दवाने निसरडी झाली, मुठीची पकड थोडी आवळली, चेंडू सुटायला निमिषभर उशीर झाला, एवढ्यावर सामना जातो. चेतन शर्माच्या त्या चेंडूत जे चुकलं ते इतकंच होतं.

पकड आवळली का जाते, हा मानसशास्त्राचा भाग. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांनी १९८४मध्ये मांडलं की दडपण आलं की माणूस स्वतःच्या हालचालींकडे जास्त लक्ष देऊ लागतो आणि हे जास्तीचं लक्षच घात करतं. पुढे शॉन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी गोल्फपटूंवर प्रयोग केले. मुरलेल्या खेळाडूंना चेंडू ढकलताना आपल्या हाताच्या झोक्याकडे लक्ष द्यायला सांगितलं, तेव्हा त्यांचा नेम बिघडला. कानावर पडणारे आवाज ओळखण्याचं भलतंच काम सोबत दिलं, तेव्हा तो इतका बिघडला नाही. नवशिक्यांचं मात्र उलटं, त्यांना हालचालीकडे लक्ष देण्याचा फायदाच झाला.

हे ज्याला आरटीओतली परीक्षा आठवते त्याला वेगळं समजवायला नको. वर्षभर गल्लीबोळांतून, कट मारत, एका हातात भाजीची पिशवी धरून गाडी चालवणारा मुलगा परीक्षेच्या दिवशी आठचा आकडा काढताना नेमका पाय टेकवतो किंवा गाडी बंद पाडतो. क्लच किती सोडायचा याचा विचार त्याने कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा केलेला असतो. इन्स्पेक्टर फक्त बघत उभे असतात.

म्हणजे शेवटच्या षटकात गोलंदाजाला 'नीट टाक, जीव ओतून टाक' असं सांगायला धावत येणारा सहकारी बऱ्याचदा नुकसान करतो. मराठीत आपण सहज म्हणतो, 'हात मोकळा सोड.' प्रयोगशाळेतून निघालेला सल्ला याच्या फार पुढे गेलेला नाही.

मोकळा हात सरावाने मिळतो, पण कुठल्याही सरावाने नाही. नेटमध्ये रिकाम्या यष्टींसमोर बूट ठेवून त्यावर यॉर्कर मारत राहणं हे जुनं औषध. ते कोनासाठी चांगलं, छातीतल्या धडधडीसाठी अपुरं. नेदरलँड्समध्ये राऊल ऑडेयान्स आणि रॉब पाइपर्स यांनी एक मजेशीर प्रयोग केला. डार्ट फेकणाऱ्यांना त्यांनी गिर्यारोहणाच्या कृत्रिम भिंतीवर चढवलं आणि तिथे लटकत नेम धरायला लावला. थोड्या उंचीवर, थोड्या भीतीत सराव केलेले लोक पुढे जास्त उंचीवरही नेम राखू शकले. भीतीशिवाय सराव केलेल्यांचा नेम वर गेल्यावर ढळला. थोडक्यात, भीतीही सरावात घ्यावी लागते. आपल्याकडच्या टेनिस बॉलच्या स्पर्धा हे काम नकळत करत आल्या आहेत. पन्नास-शंभर माणसं दोरीला टेकून ओरडत असतात, पंच म्हणजे समोरच्या संघाचा काका असतो, आणि वाइडवरून भांडण ठरलेलं. अशा मैदानात अठराव्या वर्षी शेवटची ओव्हर टाकलेल्या मुलाला पुढे फार थोडं नवं असतं.

पुण्यात दडपणाचा सगळ्यात शुद्ध नमुना पाहायचा तर क्रिकेट सोडून नेमबाजीकडे जावं लागतं. स्वप्निल कुसाळे मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा मध्य रेल्वेच्या पुणे विभागात नोकरीला. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत तो सातव्या क्रमांकाने आला होता. गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून गोळ्या झाडून झाल्यावरही तो पदकाच्या बाहेरच होता. शेवटची स्थिती उभं राहून, तीच सगळ्यात अवघड, कारण रायफलीला टेकायला स्वतःच्या हाडांखेरीज काही नसतं. त्यातच एकेक स्पर्धक बाद होत जातो. कुसाळे तिथे वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन थांबला. या प्रकारात भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. आपला आदर्श म्हणून त्याने महेंद्रसिंग धोनीचं नाव घेतलं होतं. दोघेही रेल्वेत तिकीट तपासणारे, हा योगायोग नंतर वर्तमानपत्रांनी भरपूर चघळला.

नेमबाजाला एक सोय असते. समोरची चकती त्याच्या विरुद्ध काही करत नाही. गोलंदाजासमोर बॅट घेतलेला माणूस असतो, आणि त्या माणसावरही तेवढंच दडपण असतं. हे आपण विसरतो. १८ जानेवारी १९९८ला ढाक्याच्या अंधारत चाललेल्या संध्याकाळी भारताला दोन चेंडूंत तीन धावा हव्या होत्या. चेंडू होता सकलेन मुश्ताककडे, त्या काळी शेवटच्या षटकांतला जगातला बहुधा सगळ्यात भरवशाचा फिरकीपटू. समोर पुण्याचा ऋषिकेश कानिटकर, वय २३, आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये नवखा. कानिटकरने मिडविकेटकडे चौकार मारला, भारताने ३१४ धावांचा पाठलाग पुरा केला आणि कानिटकर जन्मभरासाठी 'तो चौकार' झाला. कसोटीवीर हेमंत कानिटकरांचा हा मुलगा पुढे प्रथम श्रेणीत दहा हजारांवर धावा करून गेला, राजस्थानचा कर्णधार म्हणून रणजी करंडक जिंकला. लोक विचारतात ते मात्र ढाक्याचंच. सकलेन दडपणाखाली ढेपाळला, असं कुणी म्हणत नाही. त्याची पुण्याई आधीच इतकी होती की एका चेंडूने ती खर्ची पडली नाही. चेतन शर्माची तेवढी साठलेली नव्हती.

चौकटीत आणखी एक माणूस असतो, कर्णधार. निकालाचा मोठा वाटा तो आधीच ठरवून ठेवतो. २४ नोव्हेंबर १९९३ला ईडन गार्डन्सवर हीरो कपच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या. कपिल देवसारखा मुरलेला गोलंदाज संघात असताना चेंडू गेला सचिन तेंडुलकरच्या हाती. वीस वर्षांचा मुलगा, कामचलाऊ गोलंदाज. त्याने तीन धावा दिल्या, भारत दोन धावांनी जिंकला. ही गोष्ट नेहमी तेंडुलकरच्या धाडसाची म्हणून सांगितली जाते. ती तितकीच मंद खेळपट्टीची आहे. वेगवान चेंडूला बॅट नुसती लावली तरी तो पळतो. तेंडुलकरच्या हळू चेंडूंना फलंदाजांना स्वतःची ताकद घालावी लागत होती.

रोहित शर्माने हाच धडा दोन अंतिम सामन्यांत गिरवला. २०१७ला हैदराबादेत मुंबईचा कर्णधार तोच होता. जसप्रीत बुमराला त्याने शेवटच्या षटकासाठी राखून ठेवलं नाही, १९वं षटक त्याला देऊन टाकलं आणि विसावं जॉन्सनला. २९ जून २०२४ला ब्रिजटाउनमध्ये वीस-वीस विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या असताना त्याने बुमराला सोळाव्या षटकातच आणलं. चार धावा. अठराव्यात दोन धावा आणि मार्को यान्सेनचा त्रिफळा. हार्दिक पंड्याकडे विसावं षटक आलं तेव्हा १६ धावा शिल्लक होत्या, आठ गेल्या. सूर्यकुमार यादवचा सीमारेषेवरचा झेल सगळ्यांना पाठ आहे. पण सामना वळला तो सोळाव्या ते अठराव्या षटकांत.

बेसबॉलमध्ये हुकमी माणूस शेवटासाठी राखून ठेवण्याच्या चुकीची किंमत एका मुरब्बी प्रशिक्षकाने मोजली. ४ ऑक्टोबर २०१६ला बाल्टिमोरचे बक शोवॉल्टर यांच्याकडे झॅक ब्रिटन होता. त्या मोसमात ४७ पैकी ४७ सामने राखणारा. टोरांटोत बरोबरीत अडकलेला सामना अकराव्या डावात गेला. आपण पुढे गेल्यावर आघाडी राखायला तो लागेल, म्हणून ब्रिटनला बाहेरच बसवून ठेवलं. आघाडी कधी आलीच नाही. दुसऱ्याच पिचरला होमरन बसला आणि त्या वर्षीचा सगळ्यात भरवशाचा हात एकही चेंडू न टाकता घरी गेला. 'सेव्ह' मोजायला लागल्यापासून माणसं सामना जिंकण्यापेक्षा सेव्हच्या व्याख्येला जपू लागली, ही टीका तिथे अजून चालू आहे.

तेव्हा 'दडपण पेलतो का' हे विचारण्याआधी काही साधे प्रश्न विचारणं बरं. त्याच्याकडे फलंदाजाला ठाऊक असूनही न लागणारा एखादा चेंडू आहे का? समोर कोण खेळतंय? उनाडकटच्या त्या निर्धाव षटकात समोर होते सातव्या क्रमांकापासून खालचे. जॉन्सनसमोर होता ५१ धावांवरचा स्मिथ. केवळ या एका कारणासाठी दोन्हींतलं जॉन्सनचं षटक वरचढ मानायला हवं, जरी त्यात नऊ धावा गेल्या आणि उनाडकटच्या षटकात शून्य. मैदान केवढं आहे, दव पडलंय का, क्षेत्ररक्षक कुठे लावलेत? एवढं वजा केल्यावर जे उरतं त्याला खुशाल काळीज म्हणावं. ते उरत असेलही. फार थोडं उरतं.

उनाडकटच्या कहाणीला आणखी एक षटक आहे. २१ एप्रिल २०२२, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. आता तो मुंबई इंडियन्सकडून खेळत होता आणि शेवटच्या षटकात चेन्नईला १७ हव्या होत्या. पहिल्या चेंडूवर त्याने ड्वेन प्रिटोरियसला पायचीत केलं. दुसऱ्यावर एक धाव. चार चेंडूंत सोळा, आणि समोर पुण्याच्या संघातला त्याचा जुना सहकारी, चाळीस वर्षांचा धोनी. षटकार. चौकार. दोन धावा. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. उनाडकट धावत आला, चेंडू धोनीच्या पायाजवळ टाकला आणि धोनीने मनगट फिरवून तो फाइन लेगकडे काढला. तिथे उभा असलेला क्षेत्ररक्षक वळेपर्यंत चेंडू दोरीला लागला होता.